सोसायटीचा ओला कचरा आवारातच जिरवायचा असेल तर

माझी सगळी नोकरी एका सहकारी बँकेच्या अंतर्गत हिशेब तपासणीत गेली. निवृत्तीनंतर वारज्याच्या आमच्या चौऱ्याऐंशी फ्लॅटच्या सोसायटीचं सचिवपद माझ्याकडे आलं, तेव्हा कचऱ्याकडेही मी आधी हिशेब म्हणूनच पाहिलं: पैसे कोण देतं, कोणाला मिळतात आणि नुकसान कोणाच्या खात्यावर पडतं. एवढं समजलं की काय करायचं ते आपोआप ठरतं. ओला कचरा आवाराबाहेर जाऊ द्यायचा नाही, त्याचं तिथेच हौदात खत करायचं, आणि सुक्या कचऱ्यावर सोसायटीने हक्क सांगायचा नाही. हे दोन्ही कसं करायचं ते सांगते. मी पुण्याचं सांगणार, पण हौद आणि पालापाचोळा सगळीकडे सारखाच वागतो.

आधी वजन, मग खरेदी

काहीही विकत घेण्याआधी आठवडाभर रोज सकाळी कचरा तोला. साधा ताणकाटा पुरतो. ओला वेगळा, सुका वेगळा, डायपर-पॅड वेगळे. सणाचा आठवडा निवडू नका आणि सोमवार वगळू नका, कारण रविवारच्या जेवणाचं वजन सोमवारी दिसतं. आमच्याकडे ओला कचरा दिवसाला चाळीस किलोच्या आसपास भरला, म्हणजे घरटी अर्धा किलोला जरा कमी. बहुतेक सोसायट्यांत घरटी अर्धा किलो धरलं तर फारसं चुकत नाही.

हे वजन सरकारी नियमांसाठीही लागतं. घनकचरा व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम आता मागे पडले आणि १ एप्रिल २०२६ पासून २०२६ चे नियम लागू झाले. त्यांत मोठा कचरा उत्पादक कोण, याच्या तीन कसोट्या आहेत: बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त, पाण्याचा वापर दिवसाला ४०,००० लिटर किंवा जास्त, किंवा कचरा दिवसाला १०० किलो किंवा जास्त. यातली एक जरी लागू झाली तरी तुम्ही मोठे उत्पादक. बहुतेक सोसायट्या फक्त शेवटची कसोटी बघतात आणि ‘आपला कचरा शंभर किलो होत नाही’ म्हणून फाइल बंद करतात. पाण्याचा हिशेब करून बघा. माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं नेहमीचं प्रमाण. ४०,००० ला १३५ ने भागलं की जवळपास तीनशे माणसं येतात. घरात चार माणसं धरली तर पंचाहत्तर फ्लॅट. आमच्या चौऱ्याऐंशी फ्लॅटचा कचरा शंभर किलोच्या बराच खाली आहे, बांधकामही वीस हजार चौरस मीटर नाही, पण पाण्याने आम्ही यादीत येतो. महापालिकेचं पाणी, बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यातले टँकर, तिन्ही मिळून धरायचे.

मोठ्या उत्पादकाने ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवायचा, हा या नियमांचा गाभा आहे. शिवाय वर्गीकरण आता सगळ्यांनाच चार प्रकारांत करायचं आहे: ओला, सुका, सॅनिटरी (डायपर-पॅड) आणि विशेष काळजीचा (जुनी औषधं, ट्यूबलाइट, रंगाचे डबे वगैरे).

पैसा कुठून कुठे जातो

हा भाग सर्वसाधारण सभेत सांगायचा आहे, म्हणून नीट वाचा. ‘पर्यावरणासाठी करू या’ एवढ्यावर हात वर होतात, पण पुढच्या महिन्यात डब्यात पुन्हा सगळं एकत्र सापडतं. हिशेब सांगितला की लोक बांधले जातात, असा माझा अनुभव आहे.

शहराचा कचरा उचलणं आणि त्यावर प्रक्रिया करणं ही कामं बहुतेक ठिकाणी ठेकेदारांकडे असतात आणि पैसे टनावर मोजले जातात. ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. म्हणजे आपण घरोघरी भाजीच्या देठांतलं, कलिंगडाच्या सालींतलं पाणी गाडीत भरतो, डिझेल जाळून ते शहराच्या टोकाला पाठवतो आणि करातून त्याचे टनावारी पैसे मोजतो. तिथे पोचल्यावर हेच पाणी कागद, पुठ्ठा, कापड भिजवून टाकतं. जो पुठ्ठा विकला गेला असता तो लगदा होतो. ज्या प्लॅस्टिकचं काहीच होत नाही ते निदान सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतं, आणि नव्या नियमांत सिमेंट कारखान्यांनी अशा इंधनाचा वाटा पाच टक्क्यांवरून सहा वर्षांत पंधरा टक्क्यांपर्यंत न्यायचा आहे. पण ओलं इंधन कोणत्या भट्टीला चालतं? एका पाण्याने तीन ठिकाणी नुकसान होतं, आणि ते पाणी काढून घ्यायला स्वयंपाकघराच्या ओट्याइतकी स्वस्त जागा दुसरी नाही.

आता नुकसान कोणाच्या खात्यावर पडलं ते बघा. पुण्याचा कचरा आधी कोथरूडला जायचा. ज्याला आजही जुने लोक ‘कचरा डेपो’ म्हणतात, तिथे आता मेट्रोचा कारडेपो आहे. तिथून कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तिथल्या लोकांच्या विहिरी नासल्या आणि त्यांना वर्षानुवर्षं टँकरचं पाणी प्यावं लागलं. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि पुण्याच्या रस्त्यांवर कचरा साचत गेला. तेव्हा शहरात बरेच जण गावकऱ्यांवर वैतागले होते. आपल्या घरची घाण दुसऱ्याच्या दारात टाकायची आणि त्याने दार लावलं म्हणून रागवायचं, हे मला कधीच पटलं नाही. दूध पुणेकरांनी प्यायचं आणि पिशव्या फुरसुंगीकरांनी सांभाळायच्या, हा कुठला व्यवहार?

मुंबईचं उदाहरण तर सभेतल्या बिल्डरलाही कळेल. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं आणि धूर शहरभर पसरला. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची सोय होत नाही तोवर नव्या बांधकामांना परवानगी देऊ नका, असा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला सशर्त स्थगिती दिली, पण मधली दोन वर्षं देशाच्या आर्थिक राजधानीत इमारती अडल्या त्या कचऱ्यापायी.

आणि जिथे हवा पोचत नाही अशा ढिगात ओला कचरा कुजला की मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. देवनारसारख्या आगींना तोच वायू पेट पुरवतो. हौदात हवा खेळती ठेवली की तो होत नाही. खतात ‘हवा द्या, हवा द्या’ असं मी पुढे सारखं म्हणणार आहे, त्याचं एक कारण हे.

ठराव आणि पैसे

सभेत ‘कचरा व्यवस्थापन करावे’ असा मोघम ठराव करू नका. ठरावात तीन गोष्टी लिहा: हौद कुठे बांधणार, ते रोज कोण सांभाळणार आणि त्या माणसाला महिना किती देणार. तिसरी गोष्ट लिहिली नाही तर सहा महिन्यांनी तुमचे हौद ओस पडणार. स्वयंसेवेवर गणपतीचा मांडव उभा राहतो, रोजचा कचरा नाही.

सिंकिंग फंडाला हात लावू नका, तो इमारतीच्या मोठ्या कामासाठी आहे. बांधकामासाठी एकदाच वर्गणी काढा आणि रोजच्या कामाचा पगार मासिक देखभालीत वेगळी ओळ म्हणून दाखवा. वेगळी ओळ असली की लोक प्रश्न विचारतात, आणि प्रश्न विचारले की लक्ष राहतं.

जमेच्या बाजूला एक खरी गोष्ट आहे. पुणे महापालिका गांडूळ खत, सौरऊर्जा आणि पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक असेल तर मालमत्ता करात पाच टक्के आणि दोन असतील तर दहा टक्के सवलत देते. प्रकल्प चालू असायला हवा, नुसता बांधलेला नको. तपासणीला माणूस येतो. खताच्या विक्रीचं उत्पन्न मात्र अंदाजपत्रकात धरू नका. खत म्हणून पोत्यात भरून बाजारात विकायचं तर खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. परवाना लागतो, तपासण्या येतात. आपलं खत आपल्या कुंड्यांना, बागेला आणि कुणा सभासदाची मुळशीत किंवा भोरला शेती असेल तर तिकडे.

मशीन घेऊ नका

ठरावाची बातमी फुटली की विक्रेते येतात. ‘चोवीस तासांत खत’ असं चकचकीत माहितीपत्रक असतं. माझं मत ठाम आहे: चाळीस-पन्नास किलोसाठी तापवणारं मशीन घेऊ नका. ते कचरा तापवून त्यातलं पाणी उडवतं आणि भुसा करतं. तो भुसा म्हणजे खत नव्हे, वाळलेलं अन्न आहे. एका विक्रेत्याने दाखवायला आणलेला भुसा मी बरणीत घातला, पाणी शिंपडलं आणि ठेवून दिला. दोन दिवसांत त्याला बुरशी आली आणि आंबूस वास सुटला. कुंडीत घातला असता तरी तेच झालं असतं आणि रोपाची मुळं पोळली असती. वर विजेचं बिल, आणि बिघडलं की सुटा भाग कुठल्या शहरातून येणार याची वाट पाहायची. जीवाणू हेच काम फुकट करतात. त्यांना हवा, ओल आणि पालापाचोळा एवढंच लागतं. जागाच नसेल आणि कचरा कित्येक शे किलो असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तुकडे करणारं आणि ढवळणारं यंत्र उपयोगी पडतं; पण त्यातून निघालेला मालही पुढे काही आठवडे मुरवावाच लागतो.

हौद

चाळीस किलोला विटांचे सहा हौद घ्या. एकेक चार फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. याहून उंच केला तर बाईमाणसाचा हात तळापर्यंत पोचत नाही, आणि हलवणारं माणूस बहुधा बाईच असते. विटा जाळीदार रचायच्या, म्हणजे दोन विटांमध्ये फट सोडायची. तळाला थोडा उतार आणि झिरपणारं पाणी जमायला खड्डा. फटींना आणि तळाला बाहेरून बारीक तारेची जाळी लावाच, पुण्यात घुशी काय करतात ते सांगायला नको. जोतं जमिनीपासून वीतभर वर, आणि वर पत्रा, चारी बाजूंनी दोन फूट पुढे आलेला. पुण्याचा पाऊस वरून कमी आणि तिरका जास्त येतो.

एक हौद साधारण पंधरवड्यात भरतो. सहावा भरेपर्यंत पहिल्याला अडीच महिने मिळतात, तेवढ्यात खत तयार होतं. हे चक्र नीट फिरलं की जागा कधीच कमी पडत नाही.

आता भरायचं कसं. तळाला वीतभर काड्या, नारळाची सोडणं, शहाळ्याचे तुकडे. हा थर हवेसाठी. त्यावर दिवसाचा ओला कचरा पसरायचा, आणि त्यावर तो पूर्ण झाकेल इतका वाळका पाला. मापाने दोन घमेली कचरा असेल तर दोन-तीन घमेली पाला. सुरुवातीला शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडा. एकदा तयार खत हाताशी आलं की तेच मूठभर विरजण म्हणून पुरतं. शिजलेलं अन्न मधोमध घाला, कडेला नको. मासळी-मटणाची हाडं चालतात, पण मधे पुरून आणि वर पाल्याचा जाड थर. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, कांद्याची सालं सगळं जाऊ दे. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या मात्र वेगळ्या काढा, त्या वर्षभर तशाच राहतात. गणपतीच्या दिवसांतलं निर्माल्य हौदाला फार मानवतं, पण आधी हारांतला दोरा, जरीचे धागे आणि थर्माकोल काढायला बसवा. मुलं हे काम आवडीने करतात.

आठवड्यातून एकदा हौद हलवायचा. खालचं वर, कडेचं मधे. त्या वेळी तीन परीक्षा घ्या.

पहिली हाताची. मूठभर माल घेऊन पिळा. बोटांच्या बेचक्यातून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर पाला घाला, कोरडं भुगभुगीत वाटलं तर पाणी शिंपडा.

दुसरी सळईची. लोखंडी सळई मधोमध खुपसून पाच मिनिटांनी काढा. भरून आठवडा झालेल्या हौदातली सळई हातात धरवत नाही इतकी तापलेली असायला हवी. आत पंचावन्न-साठ अंशांपर्यंत उष्णता जाते आणि त्यात रोगजंतू, तणाचं बी, माशीची अंडी मरतात. सळई गार निघाली तर समजा की हवा कोंडली आहे किंवा पाला फार झाला आहे.

तिसरी नाकाची. नाकाला झोंबणारा, मुताऱ्यांसारखा वास आला तर ओलं जास्त, पाला कमी. सडक्या अंड्यासारखा आला तर पाणी जास्त आणि हवा नाही. दोन्हीवर उपाय एकच: उपसा, पाला मिसळा, परत भरा. वास आला की लोक वर खिडक्या लावतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितात. लिहू द्या, त्याच संध्याकाळी हौद उपसून दाखवा.

पावसाळ्यात करड्या रंगाच्या जाड अळ्या वळवळताना दिसतील आणि एखादं कुटुंब घाबरून तक्रार करेल. त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या आहेत, कचरा झपाट्याने खातात, घरात येत नाहीत, रोग पसरवत नाहीत. तशाच राहू द्या. चिलटं झाली तर मात्र वरचा पाल्याचा थर कमी पडतोय.

हे सगळं पाल्यावर अवलंबून आहे, आणि पाला फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पडतो. तेव्हाच गोण्या भरून कोरड्या जागी रचून ठेवा, कारण खरी गरज जुलैत लागते. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सगळ्यांत लवकर कुजतात. आंब्याची आणि आसुपालवाची चिवट असतात, ती तुडवून चुरा करून घाला. शेजारची सोसायटी पाला जाळत असेल तर तिच्याकडून मागून आणा. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहेच, भांडण्यापेक्षा गोणी घेऊन गेलेलं बरं.

तयार खत काळं, भुसभुशीत असतं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. चार मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. शहरी कंपोस्टच्या सरकारी प्रमाणातही नव्वद टक्के माल एवढ्या चाळणीतून जायला हवा असं आहे. वर राहिलेले तुकडे पुढच्या हौदात. शंका असेल तर एका वाटीत खत आणि माती निम्मी-निम्मी घेऊन मेथीदाणे पेरा. चार-पाच दिवसांत सगळे तरारून आले तर खत पिकलं. पिवळे पडले तर अजून पंधरा दिवस थांबा.

स्वयंपाकघरात

ओल्याच्या डब्यात प्लॅस्टिकची पिशवी घालायची नाही. वर्तमानपत्राचा कागद घडी करून तळाला घाला. भाजी धुतल्यावर, जेवणानंतर, खरकटं निथळून टाका. हे घरच्या बाईला सांगून भागत नाही. बऱ्याच घरांत डबा भरते ती कामाला येणारी मावशी. आम्ही सगळ्या मावश्यांना एका दुपारी पार्किंगमध्ये बोलावलं, चहा केला आणि हौद उघडून दाखवला. ‘यात पिशवी गेली की ती हाताने काढावी लागते’ हे एकदा बघितल्यावर कुणाला पुन्हा सांगावं लागलं नाही. फलक लावण्यापेक्षा हे करा.

सुका कचरा ज्याच्या हातात जातो त्याचाच

सभेत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पुठ्ठा, बाटल्या सोसायटीनेच विकू, चार पैसे येतील.’ मी तो हिशेब मांडून दाखवला. आलेली रक्कम चौऱ्याऐंशी घरांत वाटली तर घरटी महिन्याला दोन कप चहाचेही पैसे होत नव्हते. आमच्याकडे रोज दारावर कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंसाठी मात्र तीच रक्कम घरभाड्याचा मोठा भाग आहे. महिन्याचं शुल्क आपल्याला कमी द्यावं लागतं ते त्यांना सुका माल विकता येतो म्हणूनच. तो काढून घ्या, मग पूर्ण मजुरी मोजायची तयारी ठेवा.

पुण्यात हे आपोआप झालेलं नाही. कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली, बाबा आढाव त्यांच्या पाठीशी राहिले. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही वेचकांच्या मालकीची सहकारी संस्था आली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली. उकिरड्यावर वाकून वेचणारी बाई ओळखपत्र लावून जिन्याने वर येऊ लागली, शुल्क घेऊ लागली. सहकारी बँकेत नोकरी झाल्यामुळे मला याचं फार मोल वाटतं.

ताई माल कसा निवडतात ते एकदा उभं राहून बघा. प्लॅस्टिकची पिशवी दोन बोटांत चुरगळतात. चुरचुर वाजली ती एका गोणीत, मऊ निघाली ती दुसऱ्या. बाटलीचं झाकण वेगळं, बाटली वेगळी, वरचं लेबल वेगळं, कारण तिघांचा भाव वेगळा. पुठ्ठा भिजला की भाव कोसळतो. तेलाची पिशवी न धुता टाकली तर तिच्यामुळे गोणीतला कागद जातो. खनिज तेल स्वस्त झालं की नवं प्लॅस्टिक स्वस्त होतं आणि कारखानदार भंगाराला विचारत नाही. म्हणजे जगात कुठेतरी तेलाचा भाव पडला की वारज्यात ताईंची कमाई पडते. आपण तेवढं ठेवणीतलं द्यायचं: कोरडं, धुतलेलं, दाबून सपाट केलेलं.

दुधाच्या पिशवीचं मुद्दाम सांगते. कोपरा कापून वेगळा करू नका, नुसती चीर द्या. तो नखाएवढा तुकडा कोणी वेचत नाही, तो गटारातून नदीत जातो. मार्च २०१८ च्या राज्याच्या प्लॅस्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला किमान पन्नास पैसे परत द्यायची तरतूद होती. दुकानात ते पैसे मला कधी मिळाले नाहीत. पण धुऊन वाळवलेल्या पिशवीला भंगारात भाव असतो. वेफर्स आणि बिस्किटांच्या आतून चंदेरी पुड्यांना तो जवळजवळ नसतो, कारण त्यांत चिकटवलेले थर सुटे होत नाहीत. त्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी नियमांनी पुड्या बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. त्या वेगळ्या पिशवीत द्या, निदान इतर मालाची किंमत जाणार नाही.

डायपर, पॅड आणि औषधं

ताईंनी एकदा मला सांगितलं, ‘काकू, बाकी कशाचं काही वाटत नाही, पण डायपर उघडं हाताला लागलं की दिवसभर जेवण जात नाही.’ वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढा, वेगळं द्या. पॅड-डायपर बनवणाऱ्यांनी टाकण्यासाठी पिशवी किंवा वेष्टन द्यायला हवं हे २०१६ च्या नियमांतच होतं. विकत घेताना वेष्टन मिळालं नाही तर कंपनीला लिहा, मी लिहिते.

जुनी औषधं, ट्यूबलाइट, सेल, रंगाचे डबे, मोडका थर्मामीटर यांच्यासाठी वॉचमनच्या केबिनजवळ कुलपाची पेटी ठेवा आणि भरली की महापालिकेच्या संकलनात द्या. फुटलेली काच पुठ्ठ्यात गुंडाळून वर ‘काच’ असं मराठीत लिहा.

जो हौद हलवतो त्याच्यासाठी

हातमोजे, गमबूट, दंताळं, फावडं, हात धुवायला नळ आणि साबण, धनुर्वाताचं इंजेक्शन. रोजचं काम दीड-दोन तासांचं आहे, आणि वेचक ताईंपैकीच कुणी करायला तयार असेल तर त्यांनाच द्या. कचऱ्याची पारख त्यांच्याइतकी कुणाला नसते. पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, बँकेत. दिवाळीला बोनस.

लहान गावात राहत असाल तर वेंगुर्ल्याला जाऊन या. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या नगर परिषदेने डम्पिंगच्या जागेचंच लोक बघायला येतील असं ठिकाण केलं. ओल्याचा गॅस, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्यात. पैसा फार नव्हता, वर्गीकरण कडक होतं.

नोंदवही

एक साधी वही ठेवा. तारीख, ओल्याचं वजन, कोणता हौद, हलवला का, वास, खत किती निघालं. चाळीस किलो कचऱ्याचं साधारण आठ किलो खत होतं. त्याहून फार जास्त निघत असेल तर ते अजून ओलं किंवा कच्चं आहे. कर सवलतीच्या तपासणीला आलेला माणूस हीच वही मागतो आणि मोठ्या उत्पादकाची नोंदणी करतानाही हेच आकडे भरायचे असतात. समितीची निवडणूक होऊन पदाधिकारी बदलले की ही वही, पेटीची चावी, पाल्याच्या गोण्या कुठे आहेत ते आणि ताईंचा फोन नंबर नव्या सचिवांना समोर बसवून द्या, आणि त्यांच्या हाताने एक हौद हलवून घ्या.